लेकीच्या घरची मिरची

आमच्या नांदेडच्या घराला चौथ्या मजल्यावर एक गॅलरी आहे. तिच्यात पूर्वी दोन माणसं खुर्च्या टाकून चहा पीत असत. आता एकच माणूस मावतं, तेही तिरपं उभं राहिलं तर. बाकीची जागा मिरच्यांनी बळकावली आहे. कुंड्या म्हणाव्यात अशा दोनच. उरलेल्यांत रंगाचे डबे, कान तुटलेली बादली आणि एक जुना कुकर, ज्याची शिट्टी अजून कपाटात कुठंतरी असेल.

गंमत म्हणजे ह्या मिरच्या मला सोसत नाहीत. पन्नाशीला टेकले आणि पोटात आम्लपित्तानं बस्तान मांडलं. डॉक्टर म्हणाले, "तिखट बंद." मी म्हटलं, "हो." आणि येताना रस्त्यातच शेणखताची पिशवी घेऊन आले. तेव्हापासून आधी गोळी घेते, मग मिरची खाते. ह्यांचं म्हणणं, गोळ्यांच्या कंपनीनं मला दिवाळीला मिठाई पाठवायला पाहिजे.

"बाजारात ढिगानं मिळते, मग हा पसारा कशाला?" असं येणारा-जाणारा विचारतो. त्याला मी सांगते, हौस. पण हौस-बिस काही नाही. माझी मिरची लातूरला आमच्या रानात, येळवशीच्या भज्जीत पडली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि एवढंच म्हणणं तिकडं कुणी ऐकायला तयार नाही.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरकडं कुणी घरी थांबत नाही. दुकानांना कुलपं, रस्त्यावर कुत्रं नाही, सगळा गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पूजा मांडायची, आंबील शिंपडायची, आणि मग बाजरीचे उंडे आणि भज्जी खाऊन बांधावर आडवं व्हायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, जे रानात हिरवं असेल ते सगळं एका भांड्यात, वरून ताकात कालवलेलं पीठ आणि भरपूर हिरवी मिरची. बाकीचे लोक ती पहाटे घरी शिजवून नेतात. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानदार माणूस, पण ह्या बाबतीत हटवादी. त्यांचा नियम होता: भज्जी रानातच, तीन दगडांच्या चुलीवर, आणि मीठ-पीठ सोडून तिच्यात पडेल ते ह्याच रानातलं.

विहिरीच्या कडेला त्यांनी मिरचीची एक ओळ राखलेली होती. बोटाच्या पेराएवढी मिरची, शेंड्याशी आभाळाकडं तोंड करून उभी राहणारी. तिला नाव नव्हतं. आम्ही तिला नुसतं "विहिरीवरची" म्हणायचो. तिची एक फोडणीत पडली की शेजारच्या घरात शिंका यायच्या.

आप्पा गेले. त्यानंतर दीड-दोन वर्षांत दोन गोष्टी झाल्या. एक, मी हक्कसोडीच्या कागदावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. भावानं पैठणी घेतली, वैनीनं पुरणपोळी केली, रजिस्ट्री कार्यालयातून येताना आम्ही उसाचा रस प्यायलो. मला वाईटही वाटलं नाही. दुसरी गोष्ट, विहिरीवरची ओळ गेली. आण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, तिथून पाइपलाइन न्यायची होती. त्यानं फोनवर सहज सांगितलं, "उद्या जेसीबी यायलाय." सही करताना काही झालं नव्हतं, पण हे ऐकून मी हातातलं काम टाकून उठले. त्याच दिवशी एसटीनं लातूर गाठलं, तिथून रानात गेले, आणि झाडावरच्या पिकलेल्या लाल मिरच्या तोडून पदराला बांधल्या. आण्णा बघत उभा होता.

"एवढ्यासाठी आलीस व्हय? दुकानातून किलोभर दिली असती की."

"ती तुझ्या दुकानातली. ही आपली."

"बरं बरं, ने. गॅलरीत लाव आन् सोसायटीला भज्जी घाल."

तो हसला. मीही हसले. पण बी मात्र घरी आल्याबरोबर राखेत घोळून डब्यात ठेवलं, जसं आव्वा, माझी आई, ठेवायची.

कुंडीत मिरची लावणं हे काम सोपं आहे असं मला वाटलं होतं, कारण मी ते कधी केलं नव्हतं. नांदेडचं ऊन गॅलरीत शिरतं आणि बाहेर जायचा रस्ता विसरतं. रोपं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पाणी मिळालं की पुन्हा काही झालंच नाही असं उभी राहायची. मग पानं आकसायला लागली, काठ आत वळले. हा बोकड्या रोग. कुणीतरी सांगितलं, आंबट ताक फवारा. मी फवारलं. रोज विरजण लावायचं, रोज घुसळायचं, रोज गॅलरीत न्यायचं. एके दिवशी हे विष्णुपुरीहून, तिथल्या एका कॉलेजात ते नोकरीला आहेत, उन्हातून आले आणि ताक मागितलं.

"संपलं," मी म्हटलं.

"कोण प्यायलं?"

मी गॅलरीकडं बघितलं. ते म्हणाले, "मिरचीला ताक मिळतं. माणसानं रोप व्हायला पाहिजे होतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दुधाची एक पिशवी जास्त आणली. ह्याला आमच्याकडं प्रेम म्हणतात, पण ते तसं कुणी म्हणून दाखवत नाही.

पहिल्या वर्षी चार रोपं जगली. मिरच्या आल्या त्या सगळ्या मी बियाला राखल्या. दुसऱ्या वर्षी ते बी लावलं आणि काय सांगू, गॅलरी अशी लगडली की मला वाटलं आता कृषी खात्याचा माणूस फोटो काढायला येणार. काही झाडांना तर अंगठ्याएवढ्या जाड, चकचकीत, देखण्या मिरच्या. बाकीच्यांना तीच पेराएवढी किडकिडीत. मी जाड मिरच्या बघून खूश. शेणखत लागू पडलं, ताक लागू पडलं, हात लागू पडला! आण्णाला फोन केला आणि जाहीर केलं: "यंदा येळवशीला मिरची मी आणणार. बाजारातली आणशील तर बघ."

"आण की. दाजीला म्हणावं, फायर ब्रिगेड बी संगं आणा."

येळवशीला निघताना मी जाड मिरच्या वेचून पिशवी भरली. किडकिडीत होत्या त्या झाडावरच राहू दिल्या. माहेरी न्यायचं तर चांगलं दिसणारं न्यावं, एवढी अक्कल मला होती.

रानात चूल पेटली. वैनीनं भांडं चढवलं. मी पिशवी काढली तशी आव्वा म्हणाली, "हे कुठलं?"

"माझ्या गॅलरीतलं, आव्वा. बी आपल्या विहिरीवरचं."

"लेकीच्या घरचं आपण खात न्हाई माय."

आव्वाचं हे मला नवीन नाही. माझ्या लग्नाला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. ती नांदेडला येते तेव्हा स्वतःचा चहा-साखरेचा पुडा घेऊन येते, आणि जाताना माझ्या हातावर नोट ठेवून जाते. तिच्या काळात लेक दिली म्हणजे दिली, तिच्या दारचं पाणीसुद्धा कुणी पीत नसे. ती जरा मऊ झाली आहे, पाणी पिते. मिरचीपर्यंत यायची आहे.

पण आण्णा मजेत होता. "आव्वा, पडू दे की. येवढी बोंब मारली तिनं." आणि त्यानं पिशवीच भांड्यात उलटी केली. मी सगळ्यांना बजावलं, पाणी जवळ घेऊन बसा. वैनीनं गुळाचा खडाही समोर ठेवला.

पहिला घास आण्णानं घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं चावलं, गिळलं, पुन्हा एक घास घेतला. मग भज्जीतून एक मिरची उचलून नुसती खाल्ली. शेंगदाणा खावा तशी.

"बाई," तो म्हणाला, "हिच्यात साखर बी घातलीस का?"

रानात जो हशा झाला तो पलीकडच्या कोपीत ऐकू गेला असणार, कारण तिथलं माणूस काय झालं म्हणून विचारायला आलं. त्यालाही एक मिरची खायला दिली. वैनी हसू दाबत म्हणाली, "असू द्या वन्सं, लेकरांनी बी खाल्ली बगा, बिनधास्त." आणि मग आण्णा हसता हसता म्हणाला, "त्याचं काय हाय, पोरगी नांदेडला दिली की मिरची बी तिकडचीच होतीय."

तो चेष्टेत म्हणाला. त्याला चेष्टाच करायची होती. मी पण हसले, कारण रडले असते तर मिरचीनं रडले असंही म्हणता आलं नसतं.

नांदेडला परत आले ती थेट गॅलरीत गेले. अंगावरची शाल काढली नव्हती. हे म्हणाले, "आधी पाणी पी." मी किडकिडीत मिरच्यांपैकी एक तोडली आणि दातांनी अर्धी केली. गोळी घ्यायची राहिलीच होती. पुढची दहा मिनिटं मी बाथरूममध्ये नळाखाली जीभ धरून होते, आणि हे दाराबाहेरून विचारत होते, "हॉस्पिटलला जायचं का?" मी आतून काय उत्तर दिलं ते त्यांना कळलं नाही. मी "हीच ती, हीच ती!" असं ओरडत होते.

खरी मिरची घरी ठेवून मी शोभेची घेऊन गेले होते! डोकं थोडं थंड झाल्यावर कारणही दिसलं, कारण ते भिंतीपलीकडंच होतं. शेजारच्या काकूंनी आदल्या साली त्यांच्या गॅलरीत ढोबळी मिरची लावली होती. दोन्हींची फुलं एकाच वेळी, आणि मधमाश्यांना सोसायटीचे नियम लागू नाहीत. आमच्या काही बियांत ढोबळीचं रक्त आलं, त्यांच्याच मिरच्या जाड झाल्या आणि माझ्यासारख्या बाईला त्या आवडल्या. काकूंना मी काही बोलले नाही. फक्त येता-जाता विचारत राहिले, "यंदा काय लावताय?" काकूंचा ढोबळीचा नाद तोवर सुटला होता, त्या मनीप्लांटवर आल्या होत्या. मनीप्लांटला मी मनापासून पाठिंबा दिला. एक कुंडीही दिली.

जाड मिरच्यांची झाडं मी उपटली. देखणी होती, हात अडखळला, पण उपटली. किडकिडीत झाडांचं बी धरलं आणि उन्हाळ्यात पुन्हा रोपं केली. ह्या वेळी एकेका झाडाची मिरची चाखून बघितल्याशिवाय त्याला गॅलरीत राहू दिलं नाही. चाखायचं काम माझंच. ह्यांनी एकदा मदत करायचा प्रयत्न केला आणि त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी फक्त खुणांनी बोलत होते.

दिवाळी झाली तसा मी आव्वाला फोन लावला. सांगितलं, यंदा खरी आणते.

"नको आणू."

"आव्वा, मागच्या वेळी चुकीची आणली गं. ही विहिरीवरचीच हाय. मी चाखली."

"तिखट-गोड नंतरचं. मागच्या साली तुझ्या भावाचं ऐकलं, चुकलं माझं. लेकीच्या घरचं भज्जीत घालायचं न्हाई."

"आन् वाटाणा? गाजरं? आण्णा सगळं बाजारातून आणतो. त्याच्या रानात सोयाबीन, तूर आन् हरभरा सोडून काय हाय? ते चालतं?"

"बाजारातलं कुणाचंच नसतंय. तुझं तुझ्या नवऱ्याच्या घरचं हाय."

"बी आप्पांचं हाय."

"तू बी आप्पाचीच हाईस की. पर दिली न्हवं?"

इथं मी फोन ठेवला. ठेवताना "बरं, जेव तू," असं म्हणाले, कारण आईशी भांडून फोन ठेवायची आमच्यात पद्धत नाही. पण नंतर कणीक मळताना ती इतकी घट्ट मळली गेली की ह्यांनी विचारलं, "कुणाचा गळा आहे?"

आव्वाशी वाद घालून उपयोग नव्हता. तिच्या बाजूनं बघितलं तर तिचं सगळं बरोबर होतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं. माझ्या घरची म्हणून नको, बाजारची चालेल, रानातली असेल तर उत्तम. ठीक आहे. मग रानातलीच आणते!

येळवशीच्या दिवशी पहाटे आम्ही गाडीनं निघालो. मागच्या सीटवर मी, आणि माझ्या मांडीवर तो जुना कुकर. त्यातलं झाड सगळ्यांत तिखट होतं आणि मिरच्यांनी भरलेलं होतं. वाटेत लोह्याला चहाला थांबलो तर हॉटेलवाला काचेतून बघत म्हणाला, "ताई, कुकर इकडं आणा, गरम करून देतो." हे म्हणाले, "नको, आधीच गरम आहे." ते झाडाविषयी बोलत होते की माझ्याविषयी, हे मी विचारलं नाही.

रानात पोचलो तेव्हा कोप उभी होती. आत पाच पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, बाहेर चुन्याचं डबडं तसंच पडलेलं. आव्वा घोंगडीवर बसली होती. मी कुणाशी काही न बोलता कुकर उचलला आणि विहिरीकडं गेले. पाइपलाइनच्या बाजूला हातभर जागा मोकळी होती. तिथं कुदळ मारायला लागले.

आण्णा धावत आला. "अगं, काय करायलीस? पाइप फुटंल!"

"पाइप तिकडं हाय. मला दिसतो."

"दाजी, हिला समजवा की."

हे म्हणाले, "मी पंचवीस वर्षं प्रयत्न केला. आता तुम्ही करा."

खड्डा झाला. कुकर उपडा केला, झाड मातीच्या गोळ्यासकट अल्लद बाहेर आलं. लावलं, माती दाबली, ढेकळं बोराएवढी फोडून भोवती आळं केलं, विहिरीतलं पाणी घातलं. कंबर धरून उभी राहिले आणि ओरडून विचारलं, "आव्वा! आता ही कुणाच्या घरची?"

चुलीवर भांडं खदखदत होतं. आण्णानं माझ्याकडं, मग झाडाकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, खरं सांग. तुला वाटा पायजे का काय? कुणी कान भरलेत का तुझे?"

मला हसू आलं आणि रागही आला. "मला वाटा पायजे असता तर वकील आणला असता. मी कुकर आणलाय. सही केली ती केली. पण रान सोडलं म्हणून विहिरीवरची मिरची पण सोडली, असं त्या कागदात कुठं लिहिलेलं न्हाई."

"मग एका झाडासाठी येवढा दंगा?"

"एका झाडासाठीच."

आव्वा काठी टेकत आली. तिनं वाकून झाड बघितलं, पान उलटं करून बघितलं, एक मिरची दोन बोटांत धरली आणि सोडून दिली. तोडली नाही.

"आज लावलं आन् आज खाल्लं, असं कुठं असतंय व्हय?" ती म्हणाली. "रुजू दे आधी. रुजलं तर ह्या रानाचं."

म्हणजे यंदाही नाही. मी आव्वाकडं बघत राहिले. तीही माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या कपाळावरच्या विभूतीखालच्या आठ्या जशाच्या तशा होत्या. भज्जीत बाजारची मिरची पडली. मी ती भज्जी दोन वाट्या खाल्ली. चव बरी होती. बरी म्हणजे, दवाखान्यात देतात त्यापेक्षा बरी.

जेवण झाल्यावर आण्णा बांधावर आडवा झाला होता. त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "पाणी मी घालीन. पंधरा दिवसांनी एकदा येईन."

तो उठून बसला. "नांदेडहून?"

"नांदेडहून."

"आन् मधल्या दिवसांत?"

"मधल्या दिवसांत तू घाल. विहीर तुझी हाय."

"मी न्हाई घालणार. आन् वखराची पाळी घालताना गडी काय बघत बसत न्हाई. एका झपाट्यात जाईल ते."

"गेलं तर दुसरं आणीन. गॅलरीत अजून हायत."

मी कोपीजवळचं चुन्याचं डबडं उचललं, विहिरीच्या कडेचा एक चांगला थोराड दगड बघितला, तो चुन्यानं रंगवला आणि झाडाला चिकटून रोवला. वखरवाल्याला लांबून दिसावा म्हणून. माझी पैठणी, तीच सहीची, गुडघ्यापर्यंत चुन्यानं पांढरी झाली.

आण्णा लांबून बघत होता. न राहवून म्हणाला, "हा काय, सहावा पांडव का?"

"न्हाई," मी म्हटलं. "द्रौपदी."

आण्णाला हसावं का नाही ते कळेना. आव्वा मात्र घोंगडीवर बसून हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. ती हसत असतानाच मी तिला सांगून टाकलं की पुढच्या रविवारपासून दर पंधरा दिवसांनी मी येणार, आणि माझा चहा-साखरेचा पुडा मी माझ्या घरून घेऊन येईन.